मावशीनं वाढवलेल्या पेशी

सगळं ठरल्यासारखं पार पडलं असतं तर मावशीच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं येणार होतं. आजवर ते चौथं-पाचवं, म्हणजे वाचणाऱ्याला जांभई येते तिथे कुठेतरी यायचं. नावामागे ‘डॉक्टर’ लागणार होतं. जिन्याखालची एका खिडकीची, पण स्वतःच्या कुलपाची खोली सरांनी कबूल केली होती. आणि वहिनीचं तोंड बंद होणार होतं. हे शेवटचं मावशी कुणाजवळ बोलत नसे. पण आधीच्या तीन गोष्टी एका पारड्यात आणि ही एकटी दुसऱ्यात टाकली असती, तर काटा कुठे झुकला असता हे घरातलं मांजरही सांगू शकलं असतं.

खरं तर मावशी कुणाचीच मावशी नव्हती. पेशी वाढवण्याच्या त्या प्रयोगशाळेत ती बाकीच्या विद्यार्थ्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, कारण मधली वर्षं आईच्या आजारपणानं खाल्ली. सकाळी आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशींच्या उबदार कपाटाचं, दार उघडायची आणि आत डोकावून विचारायची, “उठली का बाळं? भूक लागली?” तिथून हे नाव पडलं. पंचावन्न वर्षांचे सरही तिला मावशी म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

बाळं म्हणजे माणसाच्या यकृताच्या पेशी. कधीकाळी कुणा रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या, आणि तेव्हापासून काचेसारख्या पारदर्शक फ्लास्कांच्या तळाला चिकटून वाढत राहिलेल्या. वरून गुलाबी-लाल मिडियम, म्हणजे त्यांचं जेवण. ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं, मग रविवार असो की घरात पाहुणे असोत.

“दुसऱ्याची पोरं,” वहिनी दादाला ऐकवायची, म्हणजे खरं तर मावशीला, “तीही भिंगाशिवाय न दिसणारी. त्यांच्या जेवणाच्या वेळा पाठ आहेत हिला. आपण जेवलो का, ते विचार एकदा तुझ्या बहिणीला.”

दादा वर्तमानपत्रात तोंड खुपसायचा. दोन बायकांच्या मध्ये न येण्यात त्याचा जन्म गेला होता.

मावशीचं काम ऐकायला सोपं होतं. कर्करोगावरचं एक लालसर औषध आहे. पेशींवर घातलं की त्या मरतात. मावशीनं ते मरणाच्या मापानं न घालता चिमूटभर घातलं. बऱ्याचशा मेल्या, थोड्या वाचल्या. वाचलेल्या वाढवल्या आणि त्यांना किंचित जास्त पाजलं. पुन्हा मेल्या, पुन्हा वाचल्या. असं करत करत दोन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि शेवटी अशा पेशी उरल्या की ज्या मात्रेत आधीच्या धाडधाड मेल्या असत्या तिच्यात या खुशाल अंग पसरून वाढत होत्या. का, तेही तिनं शोधलं होतं. औषध अंगचंच चमकतं. साध्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निखाऱ्यासारख्या लाल दिसत, आणि हिच्या काळ्या कुळकुळीत. औषध आत ठरतच नव्हतं.

पोपट आला तो या दोन वर्षांच्या अगदी सुरुवातीला. बावीस-तेविसाचा, हसरा, केसांना पाणी लावून आलेला. सरांनी त्याला हात बसेपर्यंत वाढवायला म्हणून मूत्रपिंडाच्या पेशींचा एक फ्लास्क दिला. दणकट पेशी, कुणीही वाढवाव्यात, कशाही वाढाव्यात. आणि त्याला मावशीच्या स्वाधीन केलं. पोपट हे नाव मावशीनंच ठेवलं, कारण एकदा सांगितलेलं तो जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचा.

“आत येणं फुकट असतं रे,” ती निर्जंतुक कॅबिनेटच्या काचेमागे हात चालवता चालवता सांगायची. “हे औषध तेलकट. पेशीचं आवरणही चरबीचं, दोन पदरी. त्यामुळे याला दार नको, किल्ली नको. बाहेर गर्दी, आत मोकळं, की निघालं आतल्या दिशेनं. घरच्यासारखं. साखरेचं तसं नाही. तिला दारातून यावं लागतं.”

“आणि बाहेर काढायचं तर?”

“तिथे मेहनत. आवरणात प्रथिनांचे पंप बसलेले असतात. एकेक कण धरायचा आणि बाहेर भिरकवायचा, आणि दर खेपेला पेशीनं आपल्या इंधनातला घास मोडायचा. येणाऱ्याचं काही जात नाही. घालवणाऱ्याचं जातं.” मग ती खोकायची. तिला कोरडा खोकला होता.

दुपारी चहाच्या वेळी पोपट सगळ्यांसमोर उभा राहून म्हणायचा, “येणाऱ्याचं काही जात नाही, घालवणाऱ्याचं जातं,” आणि शेवटी तसाच कोरडा खोकायचा. सगळी हसत. मावशी सगळ्यांत जास्त हसायची.

“पण मावशी, तो पंप लेकींकडे कसा जातो?”

“पंप नाही जात, पंपाची कृती जाते. पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची दोन सूत्रं चेन उघडावी तशी उलगडतात. प्रत्येक जुन्या सूत्रासमोर नवं विणलं जातं. ए समोर टी, सी समोर जी. मग एक जोडी या लेकीला, एक त्या लेकीला. दोघींकडे अर्धं आईचं, अर्धं नवं.”

“विणताना चुकलं तर?”

“विणणारं प्रथिनच मागे वळून बघतं. चुकीचं अक्षर उसवतं, बरोबर घालतं. तरी अब्जावधींत एखादी चूक राहतेच. राहिली की मग लेकी, नाती, पणत्या, सगळ्यांत तीच. पेशी काही विसरत नाही, बाळा.”

“बरंय,” पोपट म्हणाला. “आपण विसरतो.”

आता त्या बाटलीबद्दल. प्रयोगशाळेत एक नियम असतो आणि तो भिंतीवर लावलेलाही असतो: प्रत्येक जातीच्या पेशींना मिडियमची बाटली वेगळी. कारण उघड आहे. एका फ्लास्कातून आलेली पिपेट चुकून बाटलीत बुडली, तर दोन-चार पेशी बाटलीत उतरतात आणि तिथून दुसऱ्या फ्लास्कात जातात. मावशीला हा नियम झोपेतही म्हणता आला असता. पण पोपट नवा, बाटल्यांची चणचण, आणि प्रत्येक उघडलेल्या बाटलीचा जाब सामानाचं कपाट सांभाळणाऱ्या बाईंना द्यायचा.

“माझीच वापर,” ती म्हणाली होती. “फक्त पिपेट दर वेळी नवी घे.”

“घेतो की.”

घेत होताही बहुतेक. एकदा मावशीनं त्याला जुनीच बुडवताना पाहिलं, हातावर चापटी मारली, त्यानं जीभ चावली, आणि विषय तिथे मिटला. बाटली मात्र तिनं फेकली नाही. अर्धी भरलेली होती.

पुढे वर्षभरानं केव्हातरी पोपट तिच्या फ्लास्कावर वाकून बराच वेळ बघत राहिला. “मावशी, तुझ्या बाळांचा चेहरा बदललाय का गं?”

“रोज विष पचवून कुणाचाही बदलेल. तुझ्या लग्नानंतर बघू तुझा.”

तो हसला आणि सूक्ष्मदर्शकावरून उठला. पुन्हा त्यानं तो प्रश्न काढला नाही. पोपट एरवी एक प्रश्न तीनदा विचारणारा. हे मावशीला खटकायला हवं होतं, पण जिवाला लावलेल्या माणसाकडे आपण इतक्या बारकाईनं कुठे बघतो.

मग दादाचं ऑपरेशन निघालं. वहिनीला रुग्णालयाच्या वासानं चक्कर येते, त्यामुळे मुक्काम मावशीचा. तिनं इन्क्युबेटरची किल्ली पोपटाच्या हातात ठेवली.

“माझी बाळं सांभाळ. जेवण चुकवू नकोस.”

“काळजीच करू नकोस. माझीच असल्यासारखी सांभाळीन.”

ती परत आली तेव्हा पेशी धडधाकट होत्या, फ्लास्क पुसलेले, तारखांच्या चिठ्ठ्या सुवाच्य. तिचे डोळे भरून आले. वहिनीजवळ ती म्हणालीसुद्धा, “पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं केलं गं त्यानं.”

“काय हवंय त्याला?” वहिनीनं विचारलं. वहिनीचा स्वभावच तसा, म्हणून मावशीनं मनावर घेतलं नाही.

काही महिन्यांनी, सोमवारच्या बैठकीत, सरांनी घसा साफ करून सांगितलं की परदेशातल्या परिषदेला या वेळी पोपट जाणार. मूत्रपिंडाच्या पेशींत त्यानं औषधाला दाद न देणारी जात वाढवली आहे, आणि तीही काही महिन्यांत. “मावशीला जे यकृतात करायला दोन वर्षं लागली,” सर कौतुकानं म्हणाले, “ते यानं केवढ्यात केलं बघा. मावशी, तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. शिष्य तुमचाच!”

पोपटानं पडद्यावर चित्र लावलं. काळ्या पेशी. आणि त्या अशा वाढलेल्या, की मध्ये रिकामी जागा सोडून भोवती कडं केलेलं, कुणी गप्पांना गोल करून बसावं तसं. मावशीनं हे कडं जगात फक्त एका ठिकाणी पाहिलं होतं. तिच्या स्वतःच्या फ्लास्कात.

टाळ्या वाजल्या. तिनंही वाजवल्या, हात आपले आपण वाजले.

दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. “सर, त्या माझ्या पेशी आहेत. मी दादापाशी होते तेव्हा त्यानं माझ्या फ्लास्कातल्या काढल्या आणि वर मूत्रपिंड अशी चिठ्ठी डकवली.”

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांचाही हिशेब होता. दोन विद्यार्थी, दोन निबंध, दोन्हींवर त्यांचं नाव. भांडण झालं तर दोन्ही अडकणार. “मावशी, कडं करून वाढतात एवढ्यावरून आपण पोरावर चोरीचा आळ घ्यायचा?”

“आळ नको, तपासणी घ्या. माझ्या फ्लास्काची, त्याच्या फ्लास्काची, दोन्हींची डीएनए ओळख काढा. बाहेरच्या प्रयोगशाळेतून. त्याच्या फ्लास्कात माझं यकृत निघेल.”

“अहवाल आला की मग मागे फिरता येणार नाही हां.”

“फिरायचंय कुणाला?”

पोपटाला बोलावलं. तो तिची खुर्ची नीट करून मगच बसला. “करूया ना,” तो म्हणाला. “मावशीच्या मनात किंतू राहायला नको. नमुना मीच पॅक करून देऊ का, की तू देतेस, मावशी?”

मावशीनं दोन्ही स्वतः पॅक केले. त्याचा इतका थंडपणा तिला निर्लज्जपणा वाटला. तिथे तिचं चुकलं. तो थंडपणा उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा होता.

अहवाल आला त्या दिवशी सरांच्या खोलीत चौघं होते: सर, पोपट, मावशी, आणि साक्षीला म्हणून शेजारच्या विभागाच्या बाई, ज्यांना कुणीच आवडत नसे आणि म्हणून ज्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. वाचून दाखवायचं काम त्यांनीच केलं.

डीएनएत काही ठिकाणी तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात. कितीदा येतात हे माणसागणिक वेगळं, आणि नकलताना ते इमानानं जसंच्या तसं उतरतं. त्यामुळे अशी बरीच ठिकाणं मोजली की पेशी मूळ कुणाच्या, हे कळतं.

“दोन्ही फ्लास्क तंतोतंत एक,” बाई म्हणाल्या.

मावशीनं श्वास सोडला. पोपटाकडे पाहिलंही नाही.

“आणि दोन्ही मूत्रपिंडाचे. या मुलाला सुरुवातीला दिलेल्या पेशींशी जुळतात. यकृताचा दोन्हींत मागमूस नाही.”

मावशीनं कागद मागून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. आणि मग, तिचं शिक्षण वाया गेलं नव्हतं म्हणून, तिला सगळं एकदमच कळलं. ती अर्धी बाटली. तिच्यातून उतरलेल्या दोन-चार परक्या पेशी. मूत्रपिंडाच्या पेशींना हे पंप उपजतच जास्त; अंगातली घाण बाहेर टाकणं हाच त्यांचा पिढीजात धंदा. मावशीनं औषध पाजलं की यकृतं मरत आणि त्या तगत. जरा जास्त पाजलं की आणखी यकृतं मरत. दोन वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून, रविवार न पाळता, आपली बाळं स्वतःच्या हातानं एकेक करून मारली होती आणि पाहुण्याची पोसली होती.

“म्हणजे,” सर सावकाश म्हणाले, “पेशी त्याच्याच.”

“पेशी त्याच्या,” मावशी म्हणाली. “वाढवल्या मी. दोन वर्षं मात्रा मी चढवत नेली. माझ्या वह्या बघा.”

बाईंनी वह्या चाळल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. “इथे प्रत्येक पानावर यकृत लिहिलंय हो. ज्या पेशींबद्दल तुम्ही लिहिलंय त्या तुमच्या फ्लास्कात नाहीत. याच्या वहीत मूत्रपिंड आहे आणि फ्लास्कातही मूत्रपिंड आहे. आम्ही काय धरायचं?”

“तो मला चेहरा बदललाय का म्हणून विचारत होता! त्याला तेव्हाच कळलं होतं. त्यानं गुपचूप तपासलं आणि त्या नावाची वही लिहिली.”

“मी विचारलं होतं खरं,” पोपट नम्रपणे म्हणाला. “मावशी म्हणाली, विष पचवून बदलतो.”

आता मावशीच्या हातात एकच गोष्ट उरली होती, आणि ती बाहेर काढणं म्हणजे स्वतःचं नाक कापून देणं. तिनं दिलं. “सुरुवातीला मिडियमची बाटली एकच होती. आम्हा दोघांत. मीच ‘माझी वापर’ म्हटलं. त्यानं एकदा वापरलेली पिपेट बुडवली, मी पाहिलं, आणि तरी बाटली ठेवली. त्याच्या पेशी माझ्याकडे तिथून आल्या. नियम मी मोडला. पण म्हणूनच या दोन वर्षं माझ्याकडे होत्या.”

सरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा काढून पोपटाकडे वळून विचारलं, “एकच बाटली होती?”

दोन वर्षांत मावशीनं जे सांगितलं ते या मुलानं खोकल्यासकट लक्षात ठेवलं होतं.

त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. नजर चुकवली असती तरी परवडलं असतं.

“आठवत नाही गं, मावशी.”

बाहेर व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं. “राग धरू नकोस.”

“बाटली आठवत नाही तुला?”

“आठवते ना. हातावर चापटी मारलीस तेही आठवतं.” आवाज अगदी मऊ होता. “पण तिथे आठवून काय झालं असतं? भेसळीच्या पेशी म्हणून तुझंही गेलं असतं आणि माझंही. तुझं तर जाणारच होतं. एकाचं तरी राहिलं. तूच सांग, मी काय करायला हवं होतं?”

“पहिल्या दिवशी मला सांगायला हवं होतंस. चेहरा बघितलास त्या दिवशी. माझं वर्ष वाचलं असतं.”

“मी विचारलं होतं, मावशी.”

“एकदाच विचारलंस.”

त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि निघाला. त्याला परदेशवारीची कागदपत्रं भरायची होती.

नियमाप्रमाणे, चुकीच्या नावानं वाढलेल्या पेशी ठेवता येत नाहीत. त्या मारून टाकायच्या. पोपटाच्या फ्लास्कांवर नाव बरोबर होतं म्हणून ते राहिले. त्याच पेशी, तेच कडं, तोच पंप; मावशीच्या फ्लास्कांवर नाव चुकलं होतं म्हणून ते गेले. तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दुपारच्या लख्ख उजेडात, सिंकपाशी उभं राहून, एकेका फ्लास्कात ब्लीच ओतलं. गुलाबी रंग आधी जांभळट झाला, मग पार उडून गेला. या एका विषाला त्यांच्या पंपांकडे उत्तर नव्हतं. काही म्हणायचं म्हणून ती म्हणाली, “झालं रे बाळांनो,” आणि लक्षात आलं की ही आपली नाहीतच, आणि तरी तिनं शेवटच्या फ्लास्काचं झाकण हलक्या हातानंच लावलं.

घरी वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही, हे विशेष. शेवटी म्हणाली, “नाव त्याचं पोपट, आणि झाला तुझा.” मग उठली, ताट वाढून आणलं आणि मावशी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. दादानं वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं.

तर जमाखर्च असा. पोपट परिषदेला गेला, पहिलं नाव त्याचं लागलं, पुढे ‘डॉक्टर’ही तोच झाला. त्याला द्यावं काहीच लागलं नाही. आत येणं त्याला फुकटच पडलं होतं. सरांचा एक निबंध बुडाला, एक तरला, म्हणजे ते होते तिथेच राहिले. जिन्याखालच्या खोलीचं कुलूप पोपटाला मिळालं. निबंधाच्या शेवटी, बारीक टाइपात, पेशींची देखभाल केल्याबद्दल मावशीचे आभार आहेत. वहिनीचं तोंड बंद झालं, म्हणजे चारातली एक गोष्ट मावशीला मिळाली, पण ती अशा कारणानं की मिळाली नसती तर बरं. नव्या यकृताच्या पेशींचा फ्लास्क तिनं पुन्हा सुरू केला आहे, पहिल्या चिमटीपासून; बाटलीवर तिचं एकटीचं नाव आहे, आणि सकाळी इन्क्युबेटर उघडताना ती आता काही विचारत नाही.

किंमत मोजली ती मावशीनं. आणि तिच्याही आधी त्या पहिल्या यकृताच्या पेशींनी, ज्या तिच्याच हातून, तिच्याच मायेनं, केव्हा संपल्या हे कुणाला कळलंसुद्धा नाही.